यंत्राला श्वास घ्यायला शिकवू या
सोळा बटणांच्या पेटीतून निरनिराळे संगीत कसे काढावे?

(खैतान, कुवेत येथून)

खैतान हे कुवेतच्या फरवानिया प्रांतातले दाट वस्तीचे उपनगर. विमानतळ जवळ असल्याने डोक्यावरून विमानांची ये-जा असते. येथल्या इमारतींत केरळी, तेलुगू, बंगाली, मिसरी अशा सर्व देशींचे लोक भाड्याने राहतात आणि एखाद्या मजल्यावर दोन-चार मराठी घरेही सापडतात. मॉरिशसचा मराठी माणूस मात्र क्वचितच. म्हणून मी मराठी बोललो की नवा माणूस हटकून विचारतो, "तुम्ही रत्नागिरीचे की सिंधुदुर्गचे?" मी सांगतो, "रत्नागिरीचाच, पण पाच पिढ्यांपूर्वीचा!" मग हसणे होते, चहा होतो आणि ओळख पक्की होते.

अशाच ओळखीतून आमची शुक्रवारची बैठक सुरू झाली. शुक्रवार हा येथे सुट्टीचा दिवस. एका घरी आठ-दहा माणसे जमतात, थोडे भजन, थोडे भावगीत, आणि आग्रह झाला तर मी आपल्या बेटावरची झाकरीची चाल म्हणून दाखवतो. या बैठकीचा प्राण म्हणजे चिपळूणकडचे एक काका आणि त्यांची ढोलकी. दोन वर्षांपूर्वी काकांचे कंत्राट संपले. ते गावी परतले आणि ढोलकीही बरोबर गेली. त्यानंतर ठेका धरायला कोणी उरले नाही. टाळ्या वाजवून किती दिवस भागणार?

तेव्हा शेजारच्या घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा एक छोटी पेटी घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढी, वर सोळा बटणे आणि बरीचशी फिरकीची टोके. तो म्हणाला, "काका नाहीत तर हे यंत्र वाजवील." आम्ही भजनी ठेका त्यात बसवला आणि गाणे सुरू केले. दोन मिनिटे बरे वाटले. तिसऱ्या मिनिटाला गाणारा कंटाळला, पाचव्या मिनिटाला ऐकणारे आपसात बोलू लागले. गाणे संपल्यावर एक वयस्क मावशी म्हणाल्या, "बाळा, गाणारा दमतो, थांबतो. तुझं हे यंत्र श्वासच घेत नाही रे!"

मुलाचा चेहरा उतरला. पण मावशींनी दोष अचूक पकडला होता. त्या दिवसापासून आम्ही यंत्राला श्वास घ्यायला शिकवण्याच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते आपल्या बेटावरच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

पेटीचे काम कसे चालते?

या यंत्राला स्टेप सिक्वेन्सर म्हणतात. साध्या भाषेत ते पायऱ्यांचे यंत्र आहे. सोळा बटणे म्हणजे सोळा पायऱ्या. एक दिवा पहिल्या पायरीपासून सोळाव्यापर्यंत धावतो आणि पुन्हा पहिल्यावर येतो. ज्या पायरीचे बटण दाबून ठेवले असेल तिच्यावर आवाज निघतो, बाकीच्या पायऱ्या मुक्या राहतात. आठ मात्रांचा ठेका असेल तर प्रत्येक मात्रेला दोन पायऱ्या येतात आणि सोळांत तो नेमका बसतो.

आता हिशेब पाहा. मिनिटाला १२० ठोके आणि प्रत्येक ठोक्यात चार पायऱ्या अशी लय धरली तर सोळा पायऱ्यांचे एक आवर्तन दोन सेकंदांत संपते. पाच मिनिटांच्या गाण्यात तेच आवर्तन १५० वेळा येते. एकच वाक्य कोणी १५० वेळा ऐकवले तर कोण ऐकून घेईल? म्हणजे कंटाळ्याचे मूळ यंत्राच्या आवाजात नसून या पुनरावृत्तीत आहे.

कल्पना मात्र नवी नाही. कुवेतच्या उत्तरेला असलेल्या बगदादमध्ये नवव्या शतकात बनू मूसा नावाच्या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या वाद्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. फिरणाऱ्या नळकांड्यावर खुंट्या बसवायच्या आणि त्या खुंट्यांनी वाद्याची छिद्रे उघडायची, बंद करायची. चावीच्या संगीतपेटीतही हीच खुंटी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मूग कंपनीच्या सिंथेसायझरला जोडायचा जो सिक्वेन्सर निघाला त्यात आठ पायऱ्यांच्या तीन ओळी होत्या. खुंटीच्या जागी फिरकी आली, एवढाच फरक.

मुंबईचा सरदारजी आणि दहा राग

या यंत्रांचा आपल्या मुलखातला सर्वांत नवलाचा प्रयोग मुंबईत झाला. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे वाजवणारे वादक. १९८० च्या सुमारास जपानच्या रोलँड कंपनीने तीन यंत्रे बाजारात आणली: तालासाठी टीआर-८०८, खर्जाच्या सुरांसाठी टीबी-३०३ आणि कळफलकाचे ज्युपिटर-८. त्यांतले टीबी-३०३ हे साथीला बास गिटार वाजवणारा नसेल तर गिटारवाल्याला एकट्याने सराव करता यावा म्हणून काढले होते. ते फारसे खपले नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले.

चरणजीत सिंगांनी ही तिन्ही यंत्रे एकमेकांशी जुळवली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची दहा रागांची तबकडी काढली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येक राग डिस्कोच्या ठेक्यावर. त्या वेळी तबकडीकडे फार कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या काही तरुणांनी त्याच टीबी-३०३ मधून काढलेल्या संगीताला 'अॅसिड हाउस' असे नाव मिळाले आणि ते जगभर गाजले. २०१० मध्ये हॉलंडमधल्या एका कंपनीने चरणजीत सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की तसाच नाद मुंबईच्या एका वादकाने पाच वर्षे आधी काढून ठेवला होता. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

ही तबकडी आम्ही शुक्रवारच्या बैठकीत लक्ष देऊन ऐकली. यंत्र तेच ते वाजवते, तरी कान का कंटाळत नाही? उत्तर असे सापडले की त्यांनी सारे काम यंत्रावर सोपवले नाही. ताल आणि खर्ज यंत्राकडे, पण रागाची बढत स्वतःच्या हाताकडे. यंत्र जमीन झाले आणि हात चालणारा झाला. जमीन सारखी असली म्हणून चालणाऱ्याला कोणी कंटाळवाणा म्हणत नाही.

पहिला उपाय: आवर्तने लहानमोठी ठेवा

बहुतेक पेट्यांत प्रत्येक आवाजाची किंवा निदान प्रत्येक यंत्राची शेवटची पायरी आपल्याला ठरवता येते. नवशिका सर्वांना सोळावरच ठेवतो. तसे करू नये. मुख्य ठेका सोळाचा राहू द्या, झांजेला सात पायऱ्या द्या आणि खर्जाच्या सुरांना पाच. सोळा आणि सात पुन्हा एकत्र सुरू होतात ते ११२ पायऱ्यांनी. पाचही धरले तर ५६० पायऱ्यांनी. वरच्या लयीत हे सत्तर सेकंद होतात. म्हणजे एकूण अठ्ठावीस पायऱ्याच बसवल्या, पण तिन्ही मिळून जे ऐकू येते ते सत्तर सेकंद पुन्हा तसेच येत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. सर्वच आवाज मोकाट सोडले तर सम हरवते आणि गाणाऱ्याला कोठे यायचे ते कळत नाही. एक आवाज घरधन्यासारखा दारात उभा हवा, बाकीचे खुशाल हिंडून यावेत.

कोर्गच्या वोल्का जातीच्या छोट्या पेट्यांत (या २०१३ पासून मिळू लागल्या) आणखी एक सोय आहे. गाणे चालू असताना नको त्या पायऱ्या गाळता येतात आणि दिवा त्यांच्यावरून उडी मारून पुढे जातो. त्यामुळे आवर्तन क्षणात आखूड होते. सोळांतल्या दोन पायऱ्या गाळल्या की चौदा उरतात, आणि मात्रेला दोन पायऱ्या या हिशेबाने सात मात्रांचा रूपक मिळतो. रूपकाची सम खालीची असते हे आपले तबलजी जाणतात. म्हणून तेथे पहिल्या पायरीवर जड ठोका ठेवू नये. ती पायरी हलकी ठेवली की यंत्राच्या रूपकाला रूपकाचे वळण येते.

बारा पायऱ्या ठेवल्या तर तीन-तीनचे चार गट पडतात. त्यात आपला दादराही बसतो आणि बेटावरच्या रावानवर वाजणाऱ्या सेगाचे हेलकावेही जवळ येतात. २०१४ साली युनेस्कोने मॉरिशसच्या पारंपरिक सेगाला मानवतेच्या वारशात जागा दिली. आमच्या तरुणांनी दादरा आणि सेगा शेजारी ठेवून ऐकावेत. लहानपणापासून दोन्ही ज्यांच्या कानावर आहेत असे लोक जगात थोडेच असतील.

दुसरा उपाय: आघात हलवा

सूर तेच, पायऱ्या त्याच, फक्त जोर कोठे द्यायचा ते बदला. टीबी-३०३ मध्ये आघात आणि मींड अशा दोन खुणा प्रत्येक पायरीला देता येत, आणि त्या यंत्राची सारी जादू या दोन खुणांत आहे.

आपल्या संगीतात याचे उत्तम उदाहरण आहे. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाच सूर एकच: सा, रे, ग, प, ध. पण भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. पेटीत हे पाच सूर बसवा आणि गंधारावर आघात द्या, तो सूर थोडा लांबवा. मग आघात काढून वरच्या धैवतावर द्या. एकही सूर बदललेला नसताना रंग पालटतो. यंत्राला राग कळत नाही हे खरे, पण कोणत्या सुराला मान द्यायचा ते आपण त्याला सांगू शकतो.

तिसरा उपाय: चार फेऱ्यांत एकदा तिहाई

तबलजी किंवा ढोलकीवाला ठेका दोनदा हुबेहूब तोच वाजवीत नाही, आणि ओळ संपताना तर तो हमखास काहीतरी करतो. यंत्रालाही ते शिकवता येते. पेटीत दोन नमुने साठवा. पहिला साधा ठेका, दुसऱ्यात शेवटी तिहाई. तीन वेळा पहिला, चौथ्या वेळी दुसरा, असे ओवून घ्या.

सोळा पायऱ्यांतली एक सोपी तिहाई आम्ही अशी बसवली: ७, ८, ९ वर ठोके, १० रिकामी, ११, १२, १३ वर ठोके, १४ रिकामी, मग १५, १६ आणि पुढच्या आवर्तनाची पहिली. तीन-तीन ठोक्यांचा तुकडा तीनदा आला आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर पडला. पहिल्यांदा ही तिहाई समेवर आली तेव्हा बैठकीत आपोआप "वा!" निघाली. तोपर्यंत त्या पेटीला कोणी वाहवा दिली नव्हती.

काही महागड्या पेट्यांत प्रत्येक पायरीला अट घालता येते: चार फेऱ्यांत एकदाच वाज, किंवा शंभरांत पन्नास वेळाच वाज. ही सोय झांज, घुंगरू अशा बारीक आवाजांना वापरावी. समेच्या ठोक्याला कधीही वापरू नये. सम ही नशिबावर सोडण्याची गोष्ट नव्हे.

चौथा उपाय: रिकामी पायरी

हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड, कारण नवशिक्याला रिकामी जागा दिसली की बटण दाबावेसे वाटते. आम्ही उलटे केले. ठेका बसवल्यावर दर आठवड्याला त्यातले दोन ठोके काढून टाकायचे आणि कोणाला उणे वाटते का ते पाहायचे. बहुधा वाटत नसे. मग कडवे सुरू होताना सर्व ताल बंद ठेवू लागलो आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा उचलू लागलो. मावशी म्हणाल्या, "आता घेतला हो त्यानं श्वास."

या बाबतीत कुवेतचे लोक आपले गुरू शोभतील. येथे 'सौत' नावाचा जुना गानप्रकार आहे. ऊद आणि मिरवास नावाची लहान ढोलकी यांवर तो गातात आणि बसलेले लोक टाळ्यांची साथ करतात. सर्वांच्या टाळ्या एकाच जागी पडत नाहीत. एकाने सोडलेल्या जागेत दुसऱ्याची टाळी येते आणि दोन्ही मिळून एक वीण तयार होते. पेटीतही हाच नियम लावावा. ढोलकीच्या आवाजाने सोडलेली पायरी झांजेला द्यावी, झांजेने सोडलेली खर्जाला. कोणी कोणाच्या पायावर पाय देऊ नये.

आणि हे सौत आपल्याला अगदी परके नाही. एकोणिसाव्या शतकात कुवेती सौताला घडवणारा कवी आणि गायक अब्दुल्ला अल-फरज याचे बालपण आणि तारुण्य मुंबईत गेले. त्याचे वडील तेथे व्यापारी होते, आणि तेथेच त्याने हिंदुस्थानी संगीत ऐकले, शिकले. मोत्यांच्या व्यापारामुळे कुवेत आणि मुंबई यांचे नाते इतके जवळचे होते की १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चाले. कोकणातून आमचे पूर्वज ऊस तोडायला बेटावर गेले, त्याच काळात त्याच समुद्रातून सूरही ये-जा करीत होते.

काकांचा फोन

एवढे सगळे करूनही ठेका काकांच्या ढोलकीसारखा लागेना. शेवटी एका शुक्रवारी गावी फोन लावला आणि पेटीसमोर धरला. काका पाच मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, सगळे ठोके वेळेवर पडतायत. तेच चुकतंय."

आम्ही विचारले, "म्हणजे काय, काका?"

"मी समेच्या आधी जरासा रेंगाळतो. तुमच्या लक्षात कधी आलं नसेल. आणि डावा हात पुडीवर घासून घुमारा काढतो, तो प्रत्येक वेळी वेगळा निघतो. मोजून पाहा."

आमच्याकडे त्यांच्या ढोलकीचे एक जुने ध्वनिमुद्रण होते. मुलाने ते संथ करून ऐकले. खरोखरच, समेआधीचा ठोका केसभर उशिरा येत होता. पेटीत सम पायऱ्या थोड्या मागे सरकवण्याची फिरकी असते, तिला स्विंग म्हणतात. ती आम्ही किंचित फिरवली. घुमाऱ्यासाठी खर्जाच्या आवाजाची उंची गाणे चालू असताना हाताने खालीवर करू लागलो. त्या कामाला एक माणूस कायमचा बसवला. पुढच्या शुक्रवारी काकांना पुन्हा ऐकवले. ते म्हणाले, "आता ओळखीचं वाटतंय. पण वेळ मिळाला तर त्या पोराला खरी ढोलकी घेऊन द्या."

मुलाने हे ऐकले. सुट्टीत तो भारतात गेला तेव्हा ढोलकी घेऊन आला. आता फोनवरून काकांकडे धडे चालू आहेत. खैतानमधल्या भिंती पातळ, म्हणून तो पुडीवर रुमाल घालून सराव करतो.

बेटावरच्या वाचकांना विनंती

हे सारे लिहिण्याचे कारण आता सांगतो. आपल्याकडेही लग्नाला, उत्सवाला ताल पुरवणारे यंत्र आले आहे. वडीलधारे म्हणतात, यंत्राने झाकरी मारली. तरुण म्हणतात, वाजवणारा मिळत नाही, मग काय करायचे? दोघांचेही खरे आहे. पण आमचा अनुभव असा की यंत्र शिकवायला बसलो, तेव्हाच काकांचा हात किती बारीक होता ते आम्हाला कळले. इतकी वर्षे शेजारी बसून ऐकले, पण मोजले कधी नव्हते.

आपल्या गावातला जो म्हातारा ढोलकीवाला आहे त्याच्याकडे जा. त्याचा ठेका ध्वनिमुद्रित करा. कोणत्या मात्रेवर कोणता बोल, कोठे जोर, कोठे रिकामी जागा, हे कागदावर सोळा किंवा बारा घरे आखून लिहून घ्या. झाकरी संथ सुरू होऊन पुढे चढत जाते, ती लय केव्हा आणि किती चढते तेही टिपा. मग तो ठेका पेटीत बसवा आणि त्यालाच ऐकवा. तो चूक दाखवील, आणि जी चूक दाखवील तिच्यातच खरी विद्या आहे.

आमच्या बैठकीत आता एक नियम झाला आहे. शेवटचे गाणे सुरू झाले की पेटी बंद करायची. टाळ, टाळ्या आणि त्या मुलाची शिकाऊ ढोलकी, एवढ्यावरच ते गाणे होते. लय मध्येच डगमगते, मावशी हाताने सावरून घेतात. गाणे संपते तेव्हा येथे रात्रीचे नऊ आणि मॉरिशसला दहा वाजलेले असतात. तेथे माझी आजी याच वेळी झोपायला जाते. परवा मी फोन लावून तिला ते गाणे ऐकवले. ती एवढेच म्हणाली, "ढोलकी कच्ची आहे रे, पण वाजवू दे त्याला."